भित्तिचित्रांवर लेसर वापरताय? या चुका टाळा

भित्तिचित्राच्या नोंदणीचं काम आलं की पहिली चौकशी होते ती स्कॅनर भाड्याने कुठे मिळेल याची. आपल्याला नेमकं काय शोधायचंय, हा प्रश्न बराच नंतर निघतो. निम्मा गोंधळ तिथेच झालेला असतो, कारण लेसरची यंत्रं अनेक आणि प्रत्येकाचं काम वेगळं. इथे उदाहरणं अजिंठ्याची घेतो. तिथल्या बेसॉल्टवर भुसा आणि वनस्पतींचे तंतू घातलेला मातीचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि वर डिंक-सरसात कालवलेले रंग. इतका नाजूक थर चुकीच्या मोजणीला माफी देत नाही.

पोपडे स्कॅनरने शोधायला जाणं

ट्रायपॉडवरच्या लेसर स्कॅनरचा नॉइज, म्हणजे मोजणीतला चढउतार, एक-दोन मिलिमीटरचा. सुटत आलेला रंगाचा पापुद्रा त्याहून कितीतरी पातळ, त्यामुळे पॉइंट क्लाउडमध्ये, म्हणजे स्कॅनरने मोजलेल्या बिंदूंच्या संचात, तो दिसतच नाही आणि अहवालात 'पृष्ठभाग सुस्थितीत' असं छापलं जातं. हा स्कॅनर गुहेचा आकार, खांब आणि खडकातल्या भेगांसाठी ठेवा. पापुद्र्यांसाठी जवळून चालणारा, लेसर आणि कॅमेरा यांच्यातल्या कोनावरून अंतर काढणारा ट्रायअँग्युलेशन स्कॅनर लागतो. तो नसेल तर बाजूने तिरका उजेड टाकून काढलेला साधा फोटोही जास्त सांगून जातो.

दोन स्कॅनमधला फरक म्हणजे फुगवटा नव्हे

गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या स्कॅनमध्ये दोन मिलिमीटरचा फरक दिसला की घाबरू नका. आधी शेजारचा उघडा खडक तपासा. तोही तेवढाच 'हललेला' दिसत असेल तर चूक रजिस्ट्रेशनची, म्हणजे दोन स्कॅन एकमेकांवर जुळवण्याची आहे. शिवाय मातीचा गिलावा पावसाळ्यात ओल धरतो, त्यामुळे मे महिन्याचा स्कॅन सप्टेंबरच्या स्कॅनशी ताडून पाहू नये. स्कॅन जुळवण्यासाठीच्या खुणा, म्हणजे टार्गेट, स्टँडवर किंवा जमिनीवर लावा. चित्राच्या कडेला 'जरा चिकटपट्टी' लावणाऱ्याला मी तरी गुहेबाहेर उभं करीन.

इन्टेन्सिटीला रंग समजणं

इन्टेन्सिटी म्हणजे भिंतीवरून परत आलेल्या लेसरची तीव्रता. बऱ्याच स्कॅनरचा लेसर १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असतो. पाणी हा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे ओल काळी दिसते आणि वटवाघळांचे डाग किंवा काजळी म्हणून तिची नोंद होते. त्यात अंतर आणि कोन बदलला की छटाही बदलते. रंगाची नोंद हवी असेल तर रंगपट्टी ठेवून कॅमेऱ्याने वेगळी करा.

शेलॅकचा उजेड

१९२०च्या सुमारास निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याला बोलावलं. त्या डागडुजीत चित्रांवर चढवलेला शेलॅक, म्हणजे लाखेचं वॉर्निश, पुढे पिवळा पडला. अशा भिंतीवर अतिनील लेसर टाकला की नारिंगी चमक येते ती शेलॅकची, खालच्या रंगद्रव्याची नव्हे. त्यामुळे शेलॅकचा नमुना सोबत ठेवून ताडून पाहा, आणि वॉर्निश नसलेली जागा सापडली तर मोजणी तिथून सुरू करा.

रामन घेताना पॉवर वाढवणं

रामन म्हणजे रंगावर लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याची पद्धत. त्यात पॉवर वाढवण्याची चूक सर्वांत महागात पडते, कारण ती परत दुरुस्त होत नाही. सिग्नल कमकुवत आला की पॉवर वाढवायचा मोह होतोच. पण पिवळ्या मातीतलं गोएथाइट तापलं की त्यातलं पाणी निघून जातं आणि त्याचं हेमॅटाइट होतं, म्हणजे गेरूचा लाल रंग. स्पेक्ट्रम, म्हणजे त्या प्रकाशाचा आलेख, छान स्वच्छ येतो, अहवालात 'इथे गेरू वापरला आहे' असं लिहिलं जातं, आणि पिवळ्या रंगावर सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका कायमचा उरतो. शेंदूर आणि हिंगूळ यांनाही जास्त पॉवर सोसत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: आधी त्याच रंगाचा नमुना पाटीवर लावून चाचणी घ्या, भिंतीवर सगळ्यात कमी पॉवरने सुरुवात करा, आणि सिग्नल अपुरा वाटला तर पॉवरला हात न लावता मोजणीचा वेळ वाढवा. दर मोजणीआधी आणि नंतर त्या ठिपक्याचा सूक्ष्मदर्शकातून फोटो घ्या. दोन मोजण्यांत स्पेक्ट्रममधली शिखरं सरकलेली दिसली तर तिथेच थांबा.

पोकळी शोधताना हादरे

खडकापासून सुटलेला गिलावा बोटाने टकटक केल्यावर बद्द वाजतो. हीच पोकळी स्पेकल इंटरफेरोमेट्री, म्हणजे लेसरच्या प्रकाशातल्या पट्ट्यांवरून बारीक हालचाल टिपण्याची पद्धत, हात न लावता दाखवते: भिंत किंचित ऊबदार करायची आणि पट्ट्या कुठे वाकतात ते पाहायचं. मात्र यंत्र प्रकाशाच्या तरंगलांबीइतकी हालचाल टिपतं, त्यामुळे पर्यटकांच्या पावलांनीही पट्ट्या फिसकटतात. पट्ट्या सगळीकडे सारख्याच थरथरत असतील तर दोष भिंतीत नसून ट्रायपॉडखालच्या फळीत आहे. अजिंठा सोमवारी पर्यटकांसाठी बंद असतो. ही मोजणी परवानगी घेऊन त्याच दिवशी ठेवा, आणि जनरेटर शक्य तितका लांब लावा.