शिंदी की खजूर? रोप घेण्याआधी एवढं बघा

सहा वर्षांपूर्वी एका रोपवाल्याकडून 'खजुराची' म्हणून चार रोपं आणली. ठिबक केलं, शेणखत घातलं. परवा शेजारचे आबा बांधावर उभे राहून हसायला लागले, "आरं, ही तर आपली शिंदी हाय. केरसुण्या बांधायचा धंदा काढ आता."

चूक माझीच. शिंदी म्हणजे खजुराचीच रानटी बहीण. लहान रोपात दोन्ही सारखीच दिसतात, पहिली पानं लांबट, न फाटलेली. म्हणून पान बघत बसू नका, रोप कशापासून केलंय ते विचारा. शिंदी एकखोडी, ती बुडाला पिल्लं (बाजूला फुटणारी रोपटी) देत नाही. खजूर देतो. पिल्लू काढून लावलेलं असेल तर बुडाच्या एका अंगाला कापल्याची खूण दिसते, म्हणजे तो खजूरच. पिशवीतली माती बोटानं उकरा. लांबट कोय चिकटलेली निघाली तर ते बियांचं रोप. मग ते खजुराचं निघालं तरी नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही.

मोठं झाड ओळखणं सोपं. खजुराची झावळी निळसर राखाडी, ताठ. पात्याचं टोक तळहाताला टोचतं. शिंदीचा शेंडा गच्च, गोलसर, पाती दोन-चारच्या झुबक्यांनी वेगवेगळ्या दिशांना गेलेली. नीरा काढलेली शिंदी तर लांबूनच कळते. एका वर्षी या अंगाला, पुढच्या वर्षी त्या अंगाला तासल्यानं खोडाला खाचा पडून ते नागमोडी दिसतं. काटे मात्र दोन्हींना देठाच्या बुडाशी असतात, हात जपा.

फळात तर वादच नाही. शिंदीचं फळ इंचभर, नारिंगी, आत सगळी कोयच. पोरं चोखून टाकतात.

खरा खजूर बघायचा तर जून-जुलैत कच्छला, मुंद्र्याकडे जा. घडच्या घड लाल-पिवळे लोंबत असतात. ऐन पिकायच्या वेळी पाऊस येऊन फळ तडकतं, नासतं, म्हणून तिथे ते कडक असतानाच उतरवून 'खारेक' म्हणून विकतात. आपली वाळलेली खारीक वेगळी. ही ताजी, दाताखाली कुरकुरते. कडक असतानाही गोड लागणारी जात हवी तर टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत मादी झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेली, बरही घ्या. रोप महाग, पण मादीच मिळते. सोबत दोन-चार नर लावा आणि त्यांचा पराग मादीच्या फुलोऱ्यावर हातानं झटका. वाऱ्यावर सोडलंत तर घड भरत नाही.

माझ्या चारही शिंद्या ठेवल्यात. आबांनी झावळ्या आधीच मागून ठेवल्यात, लक्ष्मीपूजनाच्या केरसुणीसाठी.