फ्लॅप एलेरॉनशी जुळवा, पंखाशी नव्हे

जहाजाच्या डेकवरची झाकणं बसवण्यात माझ्या नोकरीची वर्षं गेली, वास्कोला. आता फोंड्याच्या शेडमध्ये पत्र्याच्या किट विमानांवर, म्हणजे सुटे भाग आणून जोडायच्या विमानांवर, हात चालतो. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची, लँडिंगला खाली सोडायची झडप, बसवताना सगळ्यात जास्त गोंधळ क्रमाचा होतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी एलेरॉन, म्हणजे पंखाच्या टोकाकडची, विमान डावीउजवीकडे कलवणारी झडप. तो ड्रॉइंगप्रमाणे तटस्थ स्थितीत आणा, तिथेच पक्का अडकवा आणि मग फ्लॅपची मागची कड त्याच्या मागच्या कडेशी एका रेषेत आणा. पंखाचा पत्रा कुठे संपतो ते पाहून फ्लॅप लावला, तर पत्र्यातली बारीक चूक फ्लॅपमध्ये उतरते. मग फ्लॅपला जुळावं म्हणून एलेरॉन हलवावासा वाटतो. तो मोह टाळा. आधार एकच धरायचा.

त्याही आधी फ्लॅप सपाट टेबलावर ठेवून दोन्ही टोकांचा कोन डिजिटल लेव्हलने मोजा. फ्लॅपलाच पीळ असेल तर बिजागरी तो काढू शकत नाही.

बऱ्याच किटमध्ये फ्लॅप खालच्या पत्र्याला लांब पियानो बिजागरीने (दोन पट्ट्यांच्या नळ्यांतून एकच तार जाते ती) लटकतो. इथे घाई केली तर महागडा पत्रा वाया जातो. रिव्हेटच्या मध्यापासून बिजागरीच्या कडेपर्यंत किमान रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर लागतं. ३/३२ इंची रिव्हेट असेल तर साधारण ४.८ मिलिमीटर. बिजागरीच्या पट्टीवर त्या अंतरावर मार्कर पेनाने रेघ ओढा. शिसपेन्सिल नको, तिच्या ग्रॅफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजतं. पट्टी पत्र्याच्या आतून लावली की पत्र्यात आधीच पाडलेल्या भोकांतून रेघ दिसली पाहिजे, आणि भोकाच्या मधोमध दिसली पाहिजे. एका टोकाला रेघ सरकलेली दिसली, तर क्लॅम्प सोडा आणि पट्टी पुन्हा लावा.

मग दोन्ही टोकांना आणि मधे एकेक भोक पाडा, क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणारी स्प्रिंगची पिन) घाला. फ्लॅप खालीवर करून बघा. एलेरॉनकडची आणि फ्यूजलाजकडची (विमानाच्या धडाकडची) फट ड्रॉइंगप्रमाणे राहते का, कुठे घासतं का, मागच्या कडेला ताणलेल्या दोऱ्याशी रेषा जुळते का, हे सगळं पटल्याशिवाय पुढचं भोक पाडू नका.

हे काम सकाळी लवकर करा. दुपारी आपल्याकडे शेडचं दार उघडं असलं की एका बाजूला ऊन येतं. दहा अंशांच्या फरकाने दीड मीटर ॲल्युमिनियम एक तृतीयांश मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं. वरचा पत्रा तापला आणि खालचा गार राहिला तर फ्लॅप कमानीसारखा वाकतो, आणि सकाळी जुळलेली रेषा दुपारी जुळत नाही.

नंतर सगळं सोडवून भोकांच्या कडा साफ करा आणि बिजागरी लावण्याआधी प्रायमर मारा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत हे टाळू नका; पावसाळ्यात शेडमध्ये भिंतींनाही ओल येते. बिजागरीची तार स्टीलची असेल तर ॲल्युमिनियमशी तिचा संबंध येतोच, म्हणून तिला हलकं तेल लावा. तारेचं टोक निमुळतं करा. तरी अडली तर ती ड्रिलमध्ये धरून मंद फिरवत आत सरकवा. हातोडी वापरली तर नळ्या वाकतात. आत गेलेली तार बाहेर सरकू नये म्हणून ड्रॉइंगमध्ये दाखवलेला अटकाव करायलाच हवा.

शेवटी दोन्ही फ्लॅप पूर्ण खाली सोडून कोन मोजा. एक जास्त उतरला तर विमान एका बाजूला लोळायला बघतं, आणि तेही लँडिंगला, जमीन जवळ असताना. फरक पुशरॉडच्या (फ्लॅप ढकलणाऱ्या दांड्याच्या) रॉड-एंडने, म्हणजे टोकाच्या आटे असलेल्या जोडाने, काढा, पण त्याचे पुरेसे आटे आत राहतील याची खात्री करा. पुन्हा वर घेऊन एलेरॉनशी रेषा तपासा. मग लॉकनट आवळून त्यावर रंगाची खूण करा, म्हणजे पुढच्या तपासणीत तो ढिला झालाय का ते लगेच कळेल.