घराबाहेरच्या गॅरेजला भिंत कोणती घ्यावी?

विटेचा आणि ब्लॉकचा भाव विचारण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या. एक, शटर कशावर बसणार? दोन, जोत्याखाली माती कोणती आहे? भिंतीचा निर्णय बराचसा तिथेच होतो.

एका मोटारीचे गॅरेज आतून ३ बाय ६ मीटर, उंची २.७ मीटर धरू. समोर शटर, म्हणजे भिंती तीनच, साधारण ४० चौरस मीटर. नऊ इंची वीटकामाला ९ बाय ४ बाय ३ इंचांच्या सुमारे ४,००० विटा लागतात, तुटफूट धरून दोनशे जास्त मागवा. चार इंचीला निम्म्या पुरतात. १५० मिलिमीटर जाडीचे, ६०० बाय २०० मापाचे एएसी ब्लॉक (हवेची छिद्रे असलेले हलके काँक्रीट ब्लॉक) साधारण ३५० लागतील.

चार इंची भिंत स्वस्त पडते, पण सहा मीटर लांबीची नुसती उभी केली तर वाऱ्याला टिकत नाही. तीच घ्यायची असेल तर दर तीन मीटरला आरसीसी कॉलम हवा. शिवाय दर मीटर उंचीला ८ मिलिमीटरच्या दोन सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा ओता आणि सळ्या कॉलममध्ये अडकवा. मसाला १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू). नऊ इंचीला १:६ चालतो.

काळ्या मातीत मात्र कॉलमशिवाय नुसत्या वीटकामावर विसंबू नये. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तिरक्या भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत खणा, कॉलम आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीचा आडवा बीम) करा, मग मध्ये एएसी भरा. या भिंतीचे वजन नऊ इंचीच्या पावभर असते. ब्लॉक विटांसारखे पाण्यात बुडवायचे नाहीत, ब्रशने पृष्ठभाग ओला करणे पुरे. जोडायला ब्लॉकचा चिकट मसाला, सांधा ३ मिलिमीटरचा. कॉलम आणि ब्लॉक भेटतात तिथे प्लास्टरआधी जाळी मारा, दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर. ती टाळली की त्याच रेषेत उभी भेग येते, आणि दोष उगाच ब्लॉकला मिळतो. एएसीत स्क्रूसाठी ठोकायचा साधा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, म्हणून जड रॅक कॉलमला लावा.

कोकणात जांभा जवळ मिळत असेल तर दुसरे काही शोधायची गरज नाही. जांभ्याचा ताजा कापलेला चिरा मऊ असतो, हवेवर कडक होतो. तो वाळू द्या आणि पांढऱ्या मातीचे कप्पे दिसणारा चिरा बाजूला काढा. चिरा पाणी पितो, म्हणून पावसाची झड येते त्या बाजूला बाहेरून प्लास्टर करा किंवा पत्रा निदान दोन फूट पुढे काढा. भिंतीच्या माथ्यावर आरसीसी पट्टा ओतून छपराच्या पाइपांच्या प्लेटा त्यातच बसवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत किती पत्रे उडाले ते आठवले की हा खर्च जड वाटत नाही.

आता शटर. ३ मीटर रुंदीत २.४ मीटरचे शटर बसवले की दोन्हीकडे फक्त फूटभर भिंत उरते. एवढ्याशा वीटकामाला किंवा ब्लॉकला चॅनेल (शटर ज्यात सरकते त्या उभ्या पट्ट्या) ठोकले की रोजच्या हादऱ्यांनी फास्टनर सुटतात. भिंत कोणतीही असो, इथे २३० बाय २३० मिलिमीटरचे दोन आरसीसी कॉलम आणि वर बीम लागतोच. गुंडाळीसाठी वर ३५० ते ४०० मिलिमीटर जागा सोडा. प्लास्टरआधी दोन्ही कॉलमना ओळंबा लावा. कॉलम ओळंब्यात नसला तर शटर अर्ध्यावर अडकते आणि नंतर चॅनेल सरकवून ते फारसे सुधारत नाही.

भिंत सुरू करण्याआधी जोत्यावर १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटचा ५० मिलिमीटर डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर घाला, वॉटरप्रूफिंग पावडर मिसळून. तो बाहेरच्या जमिनीपासून १५० मिलिमीटर तरी वर हवा. पेव्हर ब्लॉक नंतर टाकणार असाल तर त्यांची जाडी आधीच धरा, नाहीतर डीपीसी जमिनीखाली जातो आणि ओल चढते. वीटकाम एका दिवसात दीड मीटरपेक्षा उंच नेऊ नका, आणि त्यावर सात दिवस पाणी मारा.