सिक्स-बीटीचं इनटेक मॅनिफोल्ड बदलताना या चुका टाळा

खंबाटकीत भरलेली गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, मागे काळा धूर, आणि टपरीवर कुणीतरी छातीठोक सांगतं, "मॅनिफोल्ड लहान पडतंय, जनरेटरवालं टाक." दोन दिवसांनी मालक गोणीत ॲल्युमिनियमचा एक ओतीव तुकडा घेऊन गॅरेजवर हजर. असे तुकडे मी बरेच बसवलेत. त्यातले निम्मे बसवायची गरजच नव्हती.

आधी इंजिन समजून घ्या. कमिन्सचं १२ व्हॉल्व्हचं सिक्स-बीटी, ५,८८३ सीसी. टाटाच्या जुन्या ट्रकांत तेच, जनरेटरवर तेच, क्रेनवर आणि बोटीतही तेच. म्हणून भंगारात त्याचं सामान तऱ्हेतऱ्हेचं मिळतं. पण या इंजिनाला सुटं मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणारा भाग, नाहीच. हवेची पेटी हेडमध्येच ओतलेली आहे, वर बोल्टनं बसवलेलं झाकण. आपण बदलतो ते हे झाकण. ते कितीही ऐसपैस आणलं तरी आतले पोर्ट, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटा, होते तेवढेच राहतात. हवेचं तोंड दुसऱ्या बाजूला हवंय, इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप जुळवायचाय, अशा कारणासाठी बदलणं ठीक. ओढ वाढेल म्हणून बदलत असाल तर पैसे खिशातच राहू द्या.

गळती न शोधता पाना लावणं

सगळ्यात महागडी चूक ही. टर्बोच्या आधी कुठे फट असेल तर गाडी धूळ ओढते. टर्बोचं पातं आणि पिस्टनच्या रिंगा खाल्ल्या जातात. टर्बोनंतर फट असेल तर दाबलेली हवा बाहेर जाते, डिझेल मात्र पडतच राहतं, म्हणून काळा धूर.

तपासणी सोपी आहे. टर्बोच्या हवेच्या तोंडाला घट्ट बूच बसवा, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह टाका आणि हळूहळू एक बारपर्यंत हवा भरा. त्याआधी ऑइल भरायचं झाकण सैल करा, नाहीतर रिंगांवरून उतरलेली हवा ऑइल सील ढकलते. मग साबणाचं पाणी मारत फिरा. आमच्याकडे आलेल्या एका गाडीला आधीच्या मिस्त्रीनं नवं झाकण बसवून दिलं होतं, तरी रड तीच. बुडबुडे आले ते इंटरकूलरच्या खालच्या होजला, क्लिपच्या आतल्या बाजूला, जिथे वरून चीर दिसतच नव्हती. मूळ झाकण तोवर भंगारात गेलेलं.

इंजिनाच्या पाटीवरचं 'ए' न वाचणं

बीटी म्हणजे टर्बो. बीटीए म्हणजे टर्बो आणि आफ्टरकूलर. बीटीएला झाकणाच्या जागी जाड पेटी असते, आत पाण्यानं थंड होणारी जाळी. जनरेटरच्या इंजिनावर त्या जाळीतून इंजिनाचंच पाणी फिरतं. बोल्ट जुळतात म्हणून लोक ही पेटी ट्रकला चढवतात. आता विचार करा, ८०-९० अंशांच्या पाण्यानं हवा त्याखाली कशी जाणार? रेडिएटरपुढचा, वाऱ्यावर चालणारा इंटरकूलर या कामाला कितीतरी सरस.

त्यापेक्षा मोठी भीती जाळी कुजलेली असण्याची. तिला भोक पडलं की पाणी थेट पोर्टात. सकाळी सेल्फ मारल्यावर पांढरा धूर, रेडिएटरचं पाणी रोज कमी, ऑइल मात्र स्वच्छ. मग हेड गॅस्केटवर आळ येतो आणि हेड उतरतं. आणि रात्रभरात सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल, तर पाणी काही दाबलं जात नाही. सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. जुनी पेटी घ्यायचीच असेल तर जाळीत हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवून बघा, आणि मगच पैसे द्या.

बारीक नळी विसरणं

झाकणावरून एक बारीक नळी डिझेल पंपाच्या एलडीएकडे, म्हणजे पंपावरच्या दाब ओळखणाऱ्या डबीकडे, जाते. टर्बोचा दाब किती आहे हे पंपाला तिच्यातून कळतं आणि त्या मानानं तो डिझेल वाढवतो. जनरेटर एकाच वेगावर चालतो, त्यामुळे तिकडच्या झाकणाला हे भोक नसतं किंवा बूच मारलेलं असतं. नळी लोंबकळत राहिली की पंप दाब नाहीच असं धरून चालतो. इथे फरक लक्षात ठेवा: ओढ नाही आणि धूर काळा, तर हवा गळतेय, ओढ नाही आणि धूरही नाही, तर आधी ही नळी बघा. भोक पाडून आटे मारायचे ते झाकण बेंचवर असताना. इंजिनावर ड्रिल चालवणाऱ्याला मी गॅरेजबाहेर काढतो.

कचरा आणि चिंध्या

जुनं गॅस्केट खरवडताना पोर्ट चिंध्यांनी बंद करावेच लागतात, कारण वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यात साधारण एक मिलिमीटर जागा उरते. पडलेला वायसरसुद्धा इंजिन संपवतो. पण चिंध्या मोजा. मी एकदा सहा कोंबल्या आणि पाच काढल्या. सहावी आठवली ती झाकण ठेवताना, म्हणून हे लिहायला तोंड आहे.

झाकणाचा फेस, म्हणजे हेडवर बसणारी सपाट बाजू, सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून बघा. वाकलेला असेल तर फेस मारून आणा, सिलिकॉन थापून भागत नाही. जादा सिलिकॉन आत लोंबतं आणि सुटून पोर्टात जातं. बोल्ट २४ न्यूटन-मीटरला, मधून कडेला.

डिझेलचे हायप्रेशर पाइप याच झाकणावरून जातात. नवं झाकण उंच निघालं की ते हातानं वाकवायचा मोह होतो. वाकवू नका, आणि पाइपांच्या क्लिपा "नंतर लावू" म्हणून डब्यात ठेवू नका. क्लिपेविना पाइप थरथरून थोड्याच दिवसांत तडकतो. तडकलेल्या पाइपाचा फवारा बोटानं शोधायचा नाही, पुठ्ठा धरायचा. तो दाब डिझेल कातडीत घुसवतो.

होज रेडिएटरचा चालत नाही. टर्बोकडून येणाऱ्या तेलकट, तापलेल्या हवेनं तो मऊ पडतो. सिलिकॉनचा होज, रुंद टी-बोल्ट क्लॅम्प आणि पाइपाच्या टोकाला उठलेली कड, हे तिन्ही लागतं. कड नसेल तर होज घाटातच सुटतो, घरी नाही.

बीएस-फोर किंवा बीएस-सिक्स गाडीवर यातलं काहीच करू नका. तिथे मॅनिफोल्डशी सेन्सर, ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), ईसीयू (इंजिनाचा संगणक) सगळं बांधलेलं असतं. जुन्या गाडीलाही मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ लागू आहेच, आणि पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं तर पीयूसीत ६५ एचएसयूची (एचएसयू म्हणजे धुराचं माप) मर्यादा आडवी येते.

पहिली भरलेली खेप मारून आलात की इंजिन थंड होऊ द्या आणि सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. निदान अर्धा फेरा तरी फिरतोच.