घाटातल्या दगडाचं वय काढायचंय? आधी झिरकॉन नीट बघा

झिरकॉन म्हणजे दगडातल्या एका खनिजाचे बारीक दाणे, त्यांच्यावरूनच वय काढायचं. पहिली गोष्ट, चिरा (जांभा दगड) उचलून आणू नका. गोव्यात जिकडे बघाल तिकडे लाल चिराच, पण तो मूळ दगड कुजून झालेला असतो, आपल्याला पाहिजे ताजा नाईस (तापून-दाबून बनलेला पट्ट्यापट्ट्यांचा दगड) नाहीतर ग्रॅनाइट, हातोडा मारला की खणकन वाजणारा. अनमोड घाटातला नाईस बेस्ट, त्याचं वय साधारण ३४० कोटी वर्षं मानतात. पण मोलेचं अभयारण्य लागूनच आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी घ्या. चंद्रनाथाच्या डोंगरावरही ग्रॅनाइट आहे, फक्त देवळापाशी हातोडा काढू नका म्हणजे झालं.

तीन-चार किलो दगड आणा, फोडा, दळा, चाळा. मग पाण्यात तांदूळ रोळतात तसं रोळायचं, क्वार्ट्झची घनता २.६५ आणि झिरकॉनची ४.६ च्या वर, त्यामुळे हलकं वाहून जातं आणि जड तळाला राहतं. मॅग्नेटाइट लोहचुंबकाने काढा (गोव्यात त्याला तोटा नाही!). उरलेलं मेथिलिन आयोडाइड या जड द्रवात टाकलं की झिरकॉन बुडतो, पण हे काम फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट), वाफ वाईट असते. मग मायक्रोस्कोपखाली दाणे वेचून इपॉक्सीत बसवायचे आणि अर्धे घासून पॉलिश करायचे.

आता इथे घाई करू नका, सगळे इथेच चुकतात. वय मोजायला दाण्यावर लेझर मारून उडालेला कण मशीनमध्ये तपासतात, पण त्याआधी सीएल फोटो काढा (कॅथोडोल्युमिनेसन्स, म्हणजे इलेक्ट्रॉन मारून दाणा चमकवून काढलेला फोटो). आत बेबिंकासारखे बारीक थर दिसले तर तो भाग बहुतेक शिलारस थंड होताना वाढलेला, आणि बाहेरची सपाट, थर नसलेली कड बऱ्याचदा नंतर दगड तापला-दाबला गेला तेव्हाची, तिच्यात थोरियम-युरेनियम गुणोत्तर पुष्कळदा ०.१ च्या खाली असतं. म्हणजे एकाच दाण्यात दोन वयं. लेझरचा ठिपका ३० मायक्रॉनचा, तो मध्येच सीमेवर पडला तर जे वय येईल ते कुठल्याच घटनेचं नसतं, नुसती खिचडी.

हिशोब सोपा आहे. झिरकॉन बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही, म्हणून आतलं शिसं नंतर युरेनियम हळूहळू मोडून तयार झालेलं. शिसं-२०६ आणि युरेनियम-२३८ (आकडे म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) यांचं गुणोत्तर ०.५ आलं तर वय सुमारे २६१ कोटी वर्षं, आणि तसं असेल तर शिसं-२०७ आणि युरेनियम-२३५ चं गुणोत्तर १२.१ च्या आसपास यायलाच पाहिजे. जुळलं नाही तर बहुतेक शिसं निसटलंय. इतक्या जुन्या दगडात मग मी शिसं-२०७ आणि शिसं-२०६ वरून काढलेल्या वयावर जास्त भरवसा ठेवतो. दर काही ठिपक्यांनंतर ९१५०० हा स्टँडर्ड झिरकॉन मारत रहा, त्याचं वय १०६.५ कोटी यायला पाहिजे, नाहीतर मशीनच घसरलंय समजा.

आणि चाळणी! मी एकदा आदल्या दिवशीची नदीची वाळू चाळलेली चाळणी नीट न धुता वापरली, नाईसमध्ये एक भलताच तरुण दाणा निघाला आणि दोन दिवस मी मोठा शोध लागल्याच्या खुशीत होतो.