नशामुक्तीच्या रिसर्चमधला आकडा आपल्या माणसाला लागू पडतो का, हे कसं बघायचं

आमच्या बीडकडं दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याला जातात आणि त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत घरच्यांची धावपळ सुरू होते, जायच्या आत ह्याची दारू सोडवा म्हणून. हातात मोबाईल, त्यात कुठली तरी बातमी, अमुक गोळीनं शंभरातले साठ जण सुटले, आपल्याला चालंल का सर. मी समुपदेशनाचं काम करतो आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी पण नुसता आकडा बघून हो म्हणायचो. एका ऊसतोड कामगाराच्या बायकोला मी असाच भरोसा दिला होता, गोळ्या चालू झाल्या, तीन आठवड्यांत टोळी कर्नाटकात गेली, फॉलोअपला कोण येणार? तो परत प्यायला लागला आणि घरच्यांनी धरून चाललं की ह्याच्यातच दम नाही. त्याच्यात काही कमी नव्हतं हो. ज्यांच्यावर ती गोळी तपासली ती माणसं वेगळी होती, आणि हे मी आधी बघायला पाहिजे होतं. आता कसं बघतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे निकाल वाचूच नका, आधी दारातून कुणाला परत पाठवलं ते वाचा. प्रत्येक ट्रायलमध्ये, म्हणजे उपचार माणसांवर तपासून बघायच्या अभ्यासात, कोण चालंल आणि कोण चालणार नाही याची यादी असते. लिव्हर खराब असलेला नको, डिप्रेशन किंवा दुसरा मानसिक आजार असलेला नको, दोन-तीन नशा एकत्र करणारा नको, गरोदर बाई नको, पत्ता पक्का नसलेला नको. यातली बरीच कारणं रास्त असतात, औषधानं जिवाला धोका नको म्हणून. पण आपल्या ओपीडीत येणारा माणूस बघा, दारू आहे, सोबत तंबाखू आहे, झोप नाही, कर्ज आहे, वर्षातले पाच-सहा महिने पत्ताच नाही. म्हणजे आपला नेहमीचा पेशंट त्या दारातच अडतो.

अमेरिकेतली कोम्बाइन नावाची मोठी ट्रायल घ्या, 2006 ला निकाल आला, 1383 माणसं होती. आत यायला आधी किमान 4 दिवस दारू बंद पाहिजे होती. आपल्याकडं रोज सकाळी हात थरथरतो म्हणून देशी घेणाऱ्याला हे चार दिवसच सगळ्यात अवघड. (आणि अशा माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, जीव जाऊ शकतो, डॉक्टरच्या देखरेखीतच करा.) तर त्या ट्रायलचा निकाल खोटा नाही, पण तो चार दिवस निभावलेल्यांचा आहे.

दुसरं, शिक्षण आणि नोकरी बघा. 2016 ला अमेरिकेतल्याच 10 व्यसन-उपचार ट्रायल घेऊन त्यातली माणसं आणि तिथं रोजच्या उपचार केंद्रांत येणारी माणसं शेजारी ठेवून बघितली, तर ट्रायलमध्ये बारावीपुढं शिकलेले आणि फुलटाइम नोकरीवाले जास्त निघाले. आता पगार चालू, घर पक्कं, त्याला दर आठवड्याला येणं जमतं. उचल घेऊन मुकादमाच्या हाताखाली गेलेल्याला कसं जमणार?

पण इथं एक गडबड करू नका, फरक दिसला की लगेच रिसर्च फेकून देऊ नका. सगळा फरक कामाचा नसतो. एवढंच विचारा की ह्या फरकानं उपचाराच्या गुणात फरक पडंल का. माणूस परभणीचा आहे का पुण्याचा, यानं गोळी रक्तात वेगळी वागत नाही. पण गोळी रोज घ्यायची असंल आणि दर पंधरा दिवसांला दवाखान्यात यायचं असंल, तर गावापासून दवाखाना किती लांब यानं सगळंच बदलतं.

तिसरं म्हणजे हिशेब स्वतः करा, अवघड नाही. समजा 500 जणांना विचारलं, 100 आत घेतले, शेवटी 70 च सापडले, त्यातले 42 सुटलेले. 70 वर काढलं तर 60 टक्के, 100 वर काढलं तर 42 टक्के. जे सापडलेच नाहीत त्यांना कशात धरलंय हे शोधा, कारण आपल्याकडं न सापडणारेच जास्त. आणि बाकीच्या 400 बद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे गोव्यातली 2017 ची ट्रायल, मला ती फार आवडते. 10 प्राथमिक आरोग्य केंद्रं, 377 माणसं, आणि समुपदेशन करणारे डॉक्टर नाहीत, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं. तीन महिन्यांनी मागचे 14 दिवस अजिबात न पिलेले 42 टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारावर ठेवलेल्यांत 18 टक्के. पीएचसीत होणारं काम आहे, म्हणून आपल्याला जवळचं वाटतं. पण दार बघा: फक्त पुरुष, वय 18 ते 65, आणि ऑडिट नावाच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत 12 ते 19 मार्क. चाचणी 40 मार्कांची असते, 20 किंवा त्याच्या वर गेलं की दारूवर अवलंबून असल्याची शक्यता धरतात. म्हणजे ज्याचा स्कोअर 16 आहे त्याला हा निकाल घेऊन बसा, 26 वाल्याला याच आकड्यावर भरोसा देऊ नका. बाईसाठी तर ह्यात काहीच नाही. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणारे पुरुष 27.3 टक्के आणि बाया 1.6 टक्के निघाल्या, कमी आहेत म्हणून त्यांना वगळून चालतं असं लोक समजायलेत, पण त्या लपून पितात, उशिरा येतात, आणि त्यांच्यासाठी काय चालतं हे सांगायला आपल्या हातात फार थोडं आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच सर्वेक्षणात आहे की दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांत एकालाच कुठला तरी उपचार मिळालेला. म्हणजे उपचार केंद्रापर्यंत पोचलेला माणूस पण सगळ्या पिणाऱ्यांचा नमुना नाही, ट्रायलमधला तर त्यातूनही निवडलेला.

भारतातली ट्रायल असंल तर सीटीआरआय म्हणजे देशातल्या ट्रायलची नोंद ठेवणाऱ्या साइटवर फुकटात बघता येतं, 2009 च्या जूनपासून तिथं नोंदणी सक्तीची आहे. औषधाचं नाव टाका आणि कोण घेणार, कोण नाही हा भाग उघडा. इंग्रजी नाही जमलं तर कॉलेजला जाणाऱ्या पोराला वाचायला लावा. मग डॉक्टरकडं जाताना एका कागदावर आपल्या माणसाचं वय, रोज किती पितो, सोबत काय घेतो, लिव्हरचा-शुगरचा रिपोर्ट, आणि कारखान्याला कधी जाणार कधी येणार हे लिहून न्या, आणि सरळ विचारा, असा माणूस त्या अभ्यासात होता का? नसंल तर हंगाम संपेपर्यंत फोनवर फॉलोअप कोण घेणार आणि गोळ्या किती दिवसांच्या देणार, हे टोळी निघायच्या आधी ठरवून घ्या.