स्टीलचं की पॉलिमरचं? पिस्तूल निवडताना आणि सांभाळताना या चुका टाळा

शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या. वारशाने आलेलं शस्त्रही याच दोनांत धरलं जातं. त्यामुळे आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर, वडिलांची बारा बोरची दुनळी आणि आता एखादं नवं हलकं पिस्तूल, अशी ज्या घरात तिहेरी इच्छा होती तिथे निवड करणं भाग पडलं. मग सुरू होतो तो वाद: जुन्या स्टीलची शान मोठी की नव्या पॉलिमरची, म्हणजे टणक प्लास्टिकची, सोय? या वादात ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात आणि त्यांच्या जोरावर माणसं चुकीचं शस्त्र घेतात, किंवा चांगलं शस्त्र घरातल्या घरात खराब करतात.

धातूचं दिसतं म्हणजे स्टीलचं

पहिली गफलत इथेच होते. कोल्ट १९११ किंवा ब्राउनिंग हाय-पॉवर ही खरोखर आख्खी स्टीलची पिस्तुलं. पण बेरेटा ९२ आणि सिग पी२२६ यांची फ्रेम, म्हणजे मुठीसकटचा खालचा सांगाडा, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे. ‘क्लासिक स्टील’ म्हणून ज्यांचे फोटो फिरतात, त्यांतली बरीचशी याच जातीची.

उलट बाजूने तितकाच मोठा गैरसमज आहे. पॉलिमरचं पिस्तूल म्हणजे प्लास्टिकचं खेळणं, मेटल डिटेक्टरमधून बिनबोभाट जाणारं, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ग्लॉक १७ ची फक्त फ्रेम पॉलिमरची. स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग), नळी, स्प्रिंगा सगळं स्टील. वजनाच्या हिशेबाने ऐंशी टक्क्यांहून जास्त धातूच. स्लाइड ज्या पट्ट्यांवरून सरकते त्याही धातूच्या, फ्रेममध्ये ओतून बसवलेल्या. अमेरिकेत १९८०च्या दशकात या भीतीवरून एवढा गदारोळ झाला की १९८८ मध्ये डिटेक्टरला न सापडणाऱ्या बंदुकांविरुद्ध कायदा आला. ग्लॉक त्या कायद्यात अडकलंच नाही.

पॉलिमरची फ्रेम ग्लॉकने शोधली हेही खरं नाही. जर्मनीच्या हेकलर अँड कॉखचं व्हीपी७० हे १९७० मध्येच आलं होतं, पण त्याचा घोडा (ट्रिगर) ओढायला इतका जड की नेम धरणाऱ्याची चिडचिड व्हावी. गास्टन ग्लॉक यांचा बंदुकांशी आधी संबंध नव्हता. ते पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी चाकू बनवत. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये त्यांचं पिस्तूल स्वीकारलं आणि पुढच्या काही वर्षांत पोलिसांच्या कमरेवरचं स्टील हळूहळू उतरू लागलं.

दुकानाच्या काउंटरवर वजन जोखणं

रिकामं १९११ साधारण अकराशे ग्रॅमचं, हाय-पॉवर नऊशेच्या आसपास, मॅगझिन काढलेलं ग्लॉक १७ सव्वासहाशेच्या घरात. काउंटरवर हातात घेतलं की हलकं पिस्तूल लगेच आवडतं. पण गोळी सुटल्यावर मागे येणारा धक्का वजनच शोषतं. १९११ चा धक्का ढकलल्यासारखा येतो, हलक्याचा मनगटाला झटका देतो. दिवसभर कमरेला वागवायचं असेल तर हलकं बरं. रेंजवर तासभर नेम धरायचा असेल तर जड बरं. आपल्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये काढलेलं ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचं रिव्हॉल्व्हर जेमतेम पाचशे ग्रॅमचं, पर्समध्ये मावावं म्हणून केलेलं. मावतं, यात शंका नाही. पण नवशिक्याने पहिला सराव इतक्या हलक्या शस्त्रावर करू नये. दोन-चार फैरींतच दचकण्याची सवय लागते आणि ती मोडायला फार दिवस लागतात.

पॉलिमर पिस्तूल ‘सारखं अडकतं’ ही तक्रार नव्या नेमबाजांकडून हमखास येते. बऱ्याचदा दोष हाताचा असतो. अर्धस्वयंचलित पिस्तुलाची स्लाइड पूर्ण मागे जायला फ्रेम मागून घट्ट धरलेली असावी लागते. मनगट सैल सोडलं तर स्लाइडबरोबर फ्रेमही मागे जाते, स्लाइडचा प्रवास अपुरा पडतो आणि रिकामी पुंगळी बाहेर उडण्याऐवजी स्लाइडच्या तोंडात उभी अडकते, धुराड्यासारखी. जड स्टीलचं पिस्तूल स्वतःच्या वजनाने थोडं सावरून घेतं. हलकं घेत नाही. असं झालं की बोट घोड्यावरून बाहेर, नळी लक्ष्याकडेच, आणि दुसरा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. मागे वळून ‘काय झालं बघा ना’ म्हणत नळी लोकांवर फिरवणारे महाभाग प्रत्येक रेंजवर असतात.

रूपाला भुलणं आणि रूप घालवणं

देखणेपणात जुन्या स्टीलला तोड नाही, हे माझं स्पष्ट मत. १९११ ची सरळ सपाट बाजू, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, ब्लूइंगचा तो निळसर काळा रंग. यापुढे पॉलिमरचं पिस्तूल हातोड्याइतकंच कामचलाऊ दिसतं. पण रूपावरून काम ठरवायचं तर आधी लुगरचं उदाहरण पाहावं. वर दुमडणाऱ्या सांध्याचं ते जर्मन पिस्तूल आजही संग्राहकांचं लाडकं. त्याचे भाग इतके बारकाईने घडवलेले की धूळ-चिखल सहन होत नसे आणि काडतूस कमी-जास्त ताकदीचं आलं की गाडं अडे. बनवायलाही महाग. शेवटी जर्मन सैन्याने त्याच्या जागी वाल्थर पी३८ घेतलं.

खेळाच्या पिस्तुलाचं तर तिसरंच. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तेव्हा कित्येकांनी पहिल्यांदाच तसलं पिस्तूल पाहिलं असेल: तळहाताच्या मापाने कोरलेली, फुगीर, ओबडधोबड दिसणारी मूठ. त्यात शान शोधायला जाऊ नये. या प्रकारात घोड्याचा ताण किमान १००० ग्रॅम लागतो आणि तो प्रत्येक वेळी तसाच्या तसा यावा एवढंच पाहिलं जातं.

आता रूप घालवण्याबद्दल. जुनं शस्त्र मिळालं की पितळेची भांडी घासायचं पॉलिश लावून ते ‘चकाचक’ करणारे लोक आहेत. ब्लूइंग म्हणजे स्टीलच्या पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. पॉलिशने तो निघून जातो, खाली पांढरं लोखंड दिसू लागतं आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यावर तांबेरा धरतो. पुन्हा ब्लूइंग करून घेतलं तरी घासताना कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात. संग्राहक असं शस्त्र हातात घेताच ओळखतो आणि किंमत पाडतो. घासताना कारखान्याचा क्रमांक पुसट झाला तर किमतीपेक्षा मोठं लचांड मागे लागतं, कारण परवान्याच्या नूतनीकरणाला तोच क्रमांक ताडून पाहतात.

खंडेनवमीची हळद आणि चामड्याचं कव्हर

स्टील गंजतं ते बहुतेक वेळा आपल्या प्रेमानेच. खंडेनवमीला शस्त्र पाटावर मांडतात, पाण्यात कालवलेलं गंध लावतात, हळद-कुंकू, ओली फुलं, वर अक्षता. पूजा झाली की तसंच रात्रभर राहतं आणि दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर पुन्हा कपाटात. पुढच्या वर्षी बाहेर काढलं की बोटाने गंध जिथे टेकवलं होतं नेमका तिथेच तांबूस ठिपका. पूजा जरूर करावी, पण गंध पाटाला लावावं, शस्त्राला हवंच असेल तर लाकडी मुठीला कोरडं कुंकू. आणि संध्याकाळी मऊ सुती फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा.

तेल म्हणजे खोबरेल नव्हे. चोवीस-पंचवीस अंशांखाली खोबरेल थिजतं. नाशिकच्या थंडीत ते मेणासारखं होतं आणि जुनं झालं की चिकट. फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या सुईच्या, वाटेत ते साचलं की पिन रखडते, काडतुसाच्या बुडाची टिकली नीट ठेचली जात नाही आणि गोळी सुटत नाही. बंदुकीचं तेलही बदाबदा ओतू नये. जास्तीचं तेल काडतुसाच्या टिकलीत झिरपलं तर दारू मेलेली निघते.

चामड्याच्या कव्हरमध्ये पिस्तूल वर्षानुवर्षं ठेवणं ही दुसरी हमखास चूक. कव्हर वापरायला आहे, साठवायला नाही. चामडं दमट हवा धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात शिल्लक असतात. कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यात याचा निकाल दिसतो.

पॉलिमरवाल्यांनी इथे हसू नये. त्यांची फ्रेम गंजत नाही, स्लाइडवरचा थरही चिवट असतो. पण आतल्या स्प्रिंगा आणि बारीक खिळ्या स्टीलच्याच आहेत. वरून सगळं ठीक दिसतं म्हणून हे लोक दोन-दोन वर्षं पिस्तूल उघडतच नाहीत. स्टील निदान बाहेरून ओरडून सांगतं. आणखी एक, फ्रेम थिनरने पुसू नये. नेम धरायच्या खुणांवरचे पांढरे ठिपके पुसले जातात.

एका पिस्तुलाची सवय दुसऱ्या पिस्तुलावर

ही चूक जिवावर बेतणारी आहे. १९११ ला अंगठ्याने लावायचा सेफ्टीचा खटका आहे. ग्लॉकला तसा खटका नाही. त्याच्या तीन सुरक्षांपैकी एक घोड्यावरच आणि बाकी दोन आत आहेत आणि घोडा मागे ओढला की त्या आपोआप सुटतात. त्यामुळे घोडा पूर्ण झाकणारं कडक कव्हर नसेल तर असं पिस्तूल कमरेला लावूच नये. जुन्या स्टीलवाल्यांनीही खटक्यावर भिस्त ठेवू नये. जुन्या १९११ मध्ये फायरिंग पिन अडवणारा तुकडा नव्हता. कोल्टने तो १९८३ पासून बसवायला सुरुवात केली.

सफाईसाठी उघडताना तर दुप्पट जपावं. ग्लॉकची स्लाइड काढण्याआधी घोडा दाबावाच लागतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजून तो दाबला आणि नळीत एक गोळी राहिलेली असली, तर पुढचं सांगायला नको. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून धरायची, नळीच्या मागच्या टोकाला, काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्याने पाहायचं, करंगळी घालून चाचपायचं. काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत.

कागदावर .३२, काडतूस वेगळं

९ मिमी हा आपल्याकडे प्रतिबंधित बोर आहे, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारा. त्यामुळे ग्लॉक १७ की १९११ हा वाद सामान्य परवानाधारकासाठी पडद्यावरचाच. प्रत्यक्षात त्याच्यासमोर बहुधा .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा .३२ चं पिस्तूल असतं. दोन्हींवर .३२ लिहिलेलं, म्हणून काडतूस एकच असेल असा समज होतो. सरकारी कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस ७.६५ × २३ मिमी, म्हणजे लांब आणि बुडाशी कडा असलेलं, पिस्तुलाचं ७.६५ × १७, आखूड. एकाचं दुसऱ्यात घालून पाहू नये. दुकानात मागतानाच शस्त्र कोणतं ते सांगावं आणि खोक्यावरचा आकडा स्वतः वाचावा.

निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करण्याचा आदेश येतो, तेव्हाही हीच काळजी. चामड्याच्या कव्हरमधून देऊ नका. रिकामं करून, तेलाचा हात देऊन, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून द्या. पावतीवर क्रमांकाबरोबर शस्त्राची अवस्थाही लिहून मागा. परत मिळालं की घरी आणून त्याच दिवशी उघडा, पुसा, स्प्रिंगा तपासा, मग कपाटात ठेवा.